औषध दिलेल्या गाईचं दूध जातं कुठे?

कृष्णाकाठ
दुधातल्या भेसळीवर आपल्याकडे प्रत्येक सणाच्या आधी बोललं जातं. छापे पडतात, दूध ओतून दिल्याचे फोटो येतात. भेसळ करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, पण एका आकड्याकडे सगळ्यांचं लक्ष जावं म्हणून हा धागा काढतो आहे. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातल्या ११०३ शहरं-गावांतून दुधाचे ६४३२ नमुने तपासले होते. आरोग्याला घातक भेसळ १२ नमुन्यांत निघाली. प्रतिजैविकांचे (अँटिबायोटिक औषधांचे) अंश ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असलेले नमुने होते ७७. टक्क्यात ते १.२ भरतात, पण गावात रोज उकळल्या जाणाऱ्या पातेल्यांच्या हिशोबात ते थोडे नाहीत.

मी दूध तपासणीच्या कामात आहे, त्यामुळे हे अंश येतात कुठून ते रोज दिसतं. बहुतेक वेळा वाट एकच असते. गाईला दगडी (कासदाह) होते, कास सुजते, सडातून गाठी किंवा पाणी येतं. कोणीतरी सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतं, सोबत इंजेक्शन देतं. औषध कासेतून आणि रक्तातून पूर्ण उतरायला काही दिवस जातात, तो विथड्रॉवल पिरियड. तेवढे दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, हा नियम.

आता एक हिशोब बघा. बेंझिलपेनिसिलिनची दुधातली मर्यादा कोडेक्सने (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणारी संस्था) आणि युरोपने किलोला ४ मायक्रोग्रॅम धरली आहे. ३ लाख युनिट पेनिसिलिन म्हणजे १८० मिलिग्रॅम. त्यातला दहावा हिस्सा जरी एका धारेतून कॅनमध्ये उतरला, तरी साडेचार हजार लिटर दूध मर्यादेला भिडतं. म्हणजे एका गोठ्यातली एक गाय गावाचा अख्खा बल्क कूलर (सगळ्यांचं दूध एकत्र थंड करणारी टाकी) खराब करू शकते. त्या कूलरमध्ये दूध घालणारी बाकीची दीड-दोनशे घरं नियमाने वागलेली असली तरी.

संकलन केंद्रावर काय तपासतात? फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), लॅक्टोमीटरची डिग्री, कारण पैसे त्यावर मिळतात. प्रतिजैविकं तपासणारी पट्टी लागते ती पुढे, टँकर प्रकल्पावर आल्यावर, आणि तीही सगळीकडे नाही. दही, चीज, योगर्ट बनवणारे प्रकल्प कसोशीने तपासतात, कारण पेनिसिलिन असलेल्या दुधात विरजणाचे जिवाणू वाढत नाहीत आणि सगळा घाणा वाया जातो. जे दूध नुसतं पाश्चराइझ करून पिशवीत जातं, त्याच्यामागे असा दबाव नसतो.

कायदा आहे. मर्यादांची यादी आहे, ती ऑक्टोबर २०२४ च्या अधिसूचनेने आणखी कडक झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण मोजमाप ग्लासाजवळ ठेवलं आहे आणि नुकसान गोठ्याजवळ. दूध ओतून देण्याचा सगळा भार एकट्या शेतकऱ्यावर आहे, तोवर मर्यादा कितीही खाली आणली तरी दूध कॅनमध्येच येणार. जाणकारांनी लिहावं.

रानवाट
संगमनेर भागातला दूध उत्पादक आहे. तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, आणि आमची बाजू मांडलीत म्हणून बरं वाटलं. नाहीतर अशा विषयात शेतकऱ्याला चोर ठरवूनच सुरुवात होते.

आकडे मी देतो. धरा, गाय दिवसाला १५ लिटर देते आणि दर ३० रुपये मिळतो. उपचार तीन दिवस, वर औषध उतरायचे चार दिवस. १०५ लिटर दूध, म्हणजे ३१५० रुपये. डॉक्टरची फी आणि औषध वेगळं. पेंड, वैरण, मजूर चालूच, ती गाय आजारी आहे म्हणून कमी खात नाही. चार-पाच गाईंच्या गोठ्यात एकीला दगडी झाली तर आठवड्याचा नफा गेला. २०२३-२४ मध्ये दर पडले तेव्हा सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं, यावरून आमची ओढाताण समजून घ्या.

आमच्याकडे सर्रास काय चालतं तेही सांगतो. ज्या सडाला ट्यूब सोडली त्या सडाचं दूध टाकतात, बाकीच्या तीन सडांचं डेअरीला घालतात. लोक हे फसवणूक म्हणून करत नाहीत. बाकीचे सड चांगले आहेत, दूध पांढरंशुभ्र दिसतं, मग का टाकायचं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं. ट्यूब सोडणारा माणूसही काही सांगत नाही. खोक्यावर लिहिलेलं असतं ते बारीक इंग्रजीत, आणि खोकं बहुतेक वेळा त्याच्याच बॅगेत राहतं.

पशुवैद्य_माण
रानवाट दादा, तीन सडांचा मुद्दा तुम्ही काढलात ते फार बरं झालं. सडात सोडलेलं औषध तिथल्या तिथे बसून राहत नाही. थोडं रक्तात जातं आणि रक्तातून उरलेल्या सडांमध्ये उतरतं. इंजेक्शन दिलं असेल तर प्रश्नच नाही, चारही सडांत येणार. म्हणून चारही सडांचं दूध बाजूला काढायचं, हे कृपया गावात सांगा. एवढी एक गोष्ट पाळली गेली तरी कूलरमधल्या प्रश्नाचा मोठा भाग सुटेल.

लेबलबद्दल. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांत २०१२ साली बदल झाला आणि खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांच्या औषधावर विथड्रॉवल पिरियड छापणं बंधनकारक झालं. औषधाचा काळ ठरवलेला नसेल तर दूध आणि अंड्यासाठी कमीत कमी ७ दिवस, मांसासाठी २८ दिवस धरायचे. माशांसाठी ५०० डिग्री-दिवस, म्हणजे पाण्याचं सरासरी तापमान २५ अंश असेल तर २० दिवस. आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांना कोणी सांगत नाही. छापलेला काळ हा छापलेल्या मात्रेसाठी असतो. मात्रा दुप्पट केली, दोन औषधं एकत्र दिली, तर तो आकडा लागू पडत नाही.

आता एक अवघड गोष्ट, जी आमच्या व्यवसायातही मोकळेपणाने बोलली जात नाही. सेफ्टिओफर नावाचं औषध आहे. त्याचं इंजेक्शन नेमून दिलेल्या मात्रेत दिलं तर दुधात फारच कमी उतरतं, म्हणून अमेरिकेत त्याच्या काही उत्पादनांना दूध टाकण्याची अट नाही. 'दूध टाकावं लागत नाही' हे ऐकल्यावर शेतकरी तेच मागणार, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच मागितलं असतं. पण हे तिसऱ्या पिढीचं सेफॅलोस्पोरिन आहे. माणसांच्या गंभीर संसर्गांत ज्या गटाचा आधार घेतला जातो तोच गट. जागतिक आरोग्य संघटनेने तो सर्वोच्च प्राधान्याच्या औषधांत ठेवला आहे. म्हणजे दुधातल्या अंशाच्या कसोटीवर हे औषध उत्तम, आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात त्या कसोटीवर सर्वांत जपून वापरायचं. फक्त अंशावर कायदा केला की वापर अशा औषधांकडे सरकतो.

निशिगंधा
घरात लहान मूल आहे म्हणून विचारते. आपण दूध उकळूनच देतो, मग हे अंश जात नाहीत का? आणि डेअरीऐवजी गवळ्याकडून थेट घेतलेलं दूध जास्त सुरक्षित का?

कृष्णाकाठ
निशिगंधा, उकळल्याने जंतू मरतात. औषधाचे अंश मात्र बरेचसे टिकतात, काही औषधं थोडी विघटित होतात पण त्यावर विसंबता येत नाही. गवळ्याचं दूध घेताना दोन्ही बाजू आहेत. हजारो लिटरमध्ये मिसळलं की अंश पातळ होतो, दोन गाईंच्या दुधात होत नाही. त्यामुळे थेट दूध घेत असाल तर त्याला नियमितपणे विचारत जा, गाय आजारी होती का, औषध कधी दिलं. विचारणारं गिऱ्हाईक आहे हे कळलं की फरक पडतो. मुलाचं दूध बंद करू नका. ७७ नमुने नापास झाले तेव्हा उरलेल्या सहा हजारांवर नमुन्यांत अंश मर्यादेच्या आत होते, हेही लक्षात ठेवा.

सूक्ष्मदर्शी
नागपूरला रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे. जंतू कोणत्या औषधाला दाद देतात हे पाहणं माझं काम.

मर्यादा ठरते कशी, हे थोडं समजावून सांगते. आधी प्रयोगांतून असा डोस काढतात की ज्याने प्राण्यावर किंवा आतड्यातल्या जिवाणूंवर परिणाम दिसत नाही. त्याला सुरक्षिततेच्या आकड्याने भागतात. मग एक काल्पनिक माणूस धरतात, वजन ६० किलो, जो रोज दीड लिटर दूध पितो, ३०० ग्रॅम मांस, १०० ग्रॅम यकृत आणि १०० ग्रॅम अंडी खातो. इतकं सगळं खाऊनही तो सुरक्षित पातळीच्या आत राहील असा अंश म्हणजे मर्यादा. तेव्हा मर्यादेच्या किंचित वर गेलेलं दूध प्यायलं म्हणून उद्या कोणी आजारी पडणार नाही. पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी असलेल्यांची गोष्ट निराळी. क्लोरॅम्फेनिकॉलसारखी औषधंही निराळी. त्याने क्वचित रक्तपेशी तयार होणंच थांबतं आणि त्यासाठी सुरक्षित पातळी सांगता येत नाही, म्हणून त्याला मर्यादा नसते, बंदी असते. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांची खाद्य-जनावरांसाठीची आयात, उत्पादन आणि विक्री बंद झाली.

मला काळजी वाटते ती पशुवैद्य म्हणतात त्याची. प्रतिकारक जंतू तयार होण्याची मुख्य जागा दुधाचा ग्लास नसून गाईचं किंवा कोंबडीचं आतडं आहे. तिथून ते शेणात, शेतात, पाण्यात, गोठ्यात काम करणाऱ्याच्या हातावर येतात. आणि कृपा करून हे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्या, टाकायचं म्हणून काढलेलं दूध वासराला पाजू नका. त्या बारीक मात्रेत वासराच्या पोटात प्रतिकारक जंतूंचीच निवड होते.

कोलिस्टिनचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. अतिदक्षता विभागात बाकी काही चालत नाही तेव्हा आम्ही ज्या औषधाचा अहवाल बघतो ते हे. चीनमध्ये डुकरांतल्या जंतूंत त्याला निष्प्रभ करणारा एमसीआर-१ हा जनुक सापडल्याचं नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. हा जनुक एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे सहज जातो. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी कोलिस्टिन देणं थांबवलं. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये खाद्य-जनावरं, कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्य यांसाठी त्याचं उत्पादन आणि विक्रीच बंद केली. तो निर्णय चांगला होता. बंदी कारखान्याच्या दाराशी घातली, प्रत्येक खुराड्यात निरीक्षक पाठवायची गरज पडली नाही.

माळरान
+१. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं आठवा. गुरांमधल्या वापरामुळे गिधाडं संपत आली म्हणून २००६ ला पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅक बंद केलं. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जायला लागल्या. २०१५ ला माणसांचं इंजेक्शन ३ मिलीच्या एकमात्रा कुपीतच विकायचं असा नियम आला. कुपीचा आकार बदलला, कारण छोट्या कुप्या जमवून गुराला टोचणं परवडत नाही. नियम करणाऱ्याने गोठ्यात खरं काय चालतं ते पाहिलं की असा नियम सुचतो.

चिकबॉक्स
दिंडोरीकडे ब्रॉयलर करतो, करारावर. दूधवाल्यांना निदान कोणतं औषध दिलं हे विचारता येतं. आमच्याकडे पिल्लं कंपनीची, फीड कंपनीचं, औषधं कंपनीची. पोत्यात काय मिसळलंय ते आम्हाला कळत नाही. सीएसई या दिल्लीतल्या पर्यावरण संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले, ४० टक्क्यांत अंश निघाले, तेव्हा बोलणी कोणी खाल्ली? खुराडेवाल्याने. जो पक्षी ४० दिवसांच्या आसपास उचलला जातो, त्याला शेवटच्या आठवड्यात औषधविरहित फीड द्यायचं असेल तर ते पोतं पुरवणाऱ्याने पुरवायला हवं. नियमात जबाबदारी कोणाची हे पोत्याच्या मालकाच्या नावाने लिहा.

खाडीकाठ
पालघरकडे कोळंबी प्रकल्पांवर काम केलंय. आमच्याकडे व्यवस्था उलटी आहे. निर्यातीचा माल तळ्यातून काढण्याआधीच नमुना जातो, एमपीईडीएच्या (सागरी उत्पादनांच्या निर्यातीचं सरकारी प्राधिकरण) प्रयोगशाळेत एलायझा ही अंश शोधणारी चाचणी होते, क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान नाही असं प्रमाणपत्र मिळालं की मगच हार्वेस्ट. मत्स्यशेतीत बंदी असलेल्या २० प्रतिजैविकांची यादी प्रत्येक तळ्यावर माहीत असते. हे आपोआप झालं नाही. युरोपने खेपा परत पाठवल्या, २०१६ मध्ये आपल्या कोळंबीच्या तपासणीचं प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा सगळे जागे झाले.

मला यातलं एकच खुपतं. ही शिस्त परदेशी ताटासाठी आहे. त्याच तालुक्यात इथल्या बाजारात जाणाऱ्या मालाला असं प्रमाणपत्र कोणी मागत नाही. यंत्रणा उभी करता येते हे सिद्ध झालंय, तर ती आपल्या लोकांसाठीही उभी राहायला हवी.

उत्तरवारा
ऑर्हूसहून लिहिते आहे, डेन्मार्क. डेअरीच्या क्षेत्रातच आहे. इथल्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या वाटतात.

पहिली, औषध लिहून देणारा आणि औषध विकून नफा कमावणारा एकच असू नये, हे इथे १९९५ च्या सुमाराला ठरलं. पशुवैद्यांचा औषधविक्रीतला नफा जवळजवळ संपवला. उत्पन्न आलं ते सल्ल्यातून, गोठ्याला नियमित भेटी देण्यातून. दुसरी, २००० पासून कोणत्या फार्मवर किती औषध गेलं याची मध्यवर्ती नोंद होते. त्या नोंदीच्या जोरावर २०१० मध्ये 'यलो कार्ड' आलं, वराहपालनात जो फार्म ठरवलेल्या पातळीच्या वर जाईल त्याला आधी इशारा, मग सल्लागाराची भेट त्याच्या खर्चाने. म्हणजे दूध किंवा मांस तपासण्याच्या आधी वापर मोजतात.

इथे डेअरीचा टँकर प्रत्येक गोठ्यातून दूध उचलताना त्या गोठ्याचा वेगळा नमुना घेतो. टँकर नापास झाला तर नमुन्यांवरून गोठा सापडतो आणि बाकीच्यांवर बालंट येत नाही. आपल्याकडे पाच-दहा लिटर घालणाऱ्या शेकडो घरांसाठी हे तसंच्या तसं जमणार नाही, हे मला माहीत आहे. मी साताऱ्याजवळच्या गावातलीच. पण नोंदीचा भाग जमू शकतो.

कामधेनू_सेवक
एवढी चर्चा कशासाठी? संकरित गाई आणल्या तेव्हाच हे ओढवून घेतलं. देशी गाय पाळा आणि हळद, कोरफड, चुना लावा, ट्यूबची गरजच नाही. आमच्या आज्या हेच करत होत्या.

पशुवैद्य_माण
कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप एनडीडीबीनेही (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ) प्रसारित केला आहे. २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना, कासेवर दिवसातून अनेकदा लावायचा. सौम्य दगडीत मी स्वतः तो सुचवतो, धार रिकामी करत राहण्यासोबत. पण गाईला ताप आहे, खाणं सोडलंय, कास दगडासारखी झाली आहे, अशा वेळी नुसत्या लेपावर थांबलात तर सड जातो आणि कधी गाय जाते. देशी गाईलाही दगडी होते, कमी होते एवढंच.

खरी बचत होते ती दगडी होऊ न देण्यात. धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवणं. धार संपल्यावर गाय अर्धा-पाऊण तास बसू नये म्हणून तेव्हाच वैरण टाकणं, कारण सडाचं तोंड तोपर्यंत उघडं असतं. गोठा कोरडा. सीएमटी या दगडी ओळखायच्या चाचणीचं द्रावण आणून आठवड्याला चारही सडांची तपासणी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी दगडी सापडते. आणि दूध प्रयोगशाळेत पाठवून कोणता जंतू आहे ते कळलं तर निम्म्याहून जास्त वेळा औषध बदलतं किंवा लागतच नाही, हा माझा अनुभव. तपासणीचा अहवाल दोन दिवसांत तालुक्यात मिळाला पाहिजे, यासाठी भांडायला हवं.

आणि २०२२ मध्ये लम्पीची मोठी साथ आली तेव्हा काय झालं ते आठवा. विषाणूचा आजार, प्रतिजैविक त्याला लागू नाही, फक्त जखमा चिघळल्या तर त्यासाठी. तरी घाबरलेल्या लोकांनी मागेल ते औषध घेतलं. दुकानात चिठ्ठी कोणी विचारली नाही. दोष घाबरलेल्या माणसाला कसा देणार?

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. उत्तरवारा ताईंनी नोंदीचं लिहिलं त्यावर मला जोर द्यायचा आहे. आपल्याकडे पाया तयार आहे. गाईच्या कानात १२ अंकी टॅग आहे. ५ रुपयांचं अनुदान त्या टॅगशी जोडलं होतं, आणि १ जून २०२४ पासून राज्यात टॅगशिवाय खरेदी-विक्री करता येत नाही. त्याच क्रमांकावर उपचाराची तारीख, औषधाचं नाव आणि दूध घालायला सुरुवात करायची तारीख चढवायची. ट्यूब सोडणाऱ्यानेच चढवायची, शेतकऱ्याने नव्हे. संकलन केंद्रावर दूध घालताना ती दिसली पाहिजे.

आणि पैशाचं. डेअरीने लिटरमागे काही पैसे बाजूला काढून निधी करावा, सरकारने त्यात भर घालावी, आणि ज्याने उपचाराची नोंद केली आहे त्याला त्या दिवसांच्या दुधाचा निदान निम्मा दर मिळावा. ते दूध वेगळ्या कॅनमध्ये येईल, रंग टाकून नष्ट होईल. जो सांगतो त्याचं नुकसान आणि जो लपवतो त्याचा फायदा, ही आजची स्थिती आहे. ती उलटी केल्याशिवाय कितीही प्रयोगशाळा बांधल्या तरी मला त्यात राम दिसत नाही. एक टँकर ओतायला लागला की जेवढं नुकसान होतं, त्यात असा निधी एका गावाला बरेच महिने पुरेल.

रानवाट
निम्मा दर मिळाला तर आमच्या वाडीतले सगळे सांगतील, हे मी खात्रीने लिहितो. संस्थेच्या सभेत हा विषय घालतो आहे. तोपर्यंत औषध चालू असलेल्या गाईच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधायची आणि तिची धार सगळ्यात शेवटी वेगळ्या बादलीत काढायची, एवढं ठरवलंय, म्हणजे घरातलं कोणीही धार काढायला बसलं तरी चूक होणार नाही.

डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे काही जण औषधाचे दिवस संपल्यावर थोड्या दुधाला विरजण लावून बघतात. दही लागलं तर दूध चांगलं, असं धरायचं का?

पशुवैद्य_माण
पट्टी आणि वेगळी बादली उत्तम. बादली आणि यंत्र असेल तर त्याचे कप नंतर गरम पाण्याने धुवा.

विरजणावर विसंबू नका. पेनिसिलिन गटाचं औषध असेल तर दही नीट लागत नाही हे खरं, पण एन्रोफ्लॉक्सासिनसारखं औषध मर्यादेच्या वर असलं तरी दही छान लागू शकतं. दिवस मोजणं हाच घरचा खरा उपाय. शेवटच्या मात्रेपासून मोजा, पहिल्या मात्रेपासून नाही. औषधाचं खोकं मागून घ्या, आणि लेबल वाचता येत नसेल तर त्याचा फोटो इथे टाका, मी दिवस सांगेन.